मला काय येते?



दहावीच्या वर्गात अर्जलेखन शिकवून झाले की मी मुलांना एक अर्ज घरून लिहून आणायला सांगतो. जाहिरात फळ्यावर लिहिलेली असते : 'कापडाच्या दुकानात हिशेब लिहिण्यासाठी मदतनीस पाहिजे.' दुसऱ्या दिवशी टेबलावर वह्यांचा ढीग जमतो. पहिली वही उघडावी, तर आत वाक्य असते, 'मी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू आहे.' दुसरी उघडावी, तर तेच. दहावी उघडली तरी तेच. कोणी 'मेहनती' लिहितो, कोणी 'इमानदार' लिहितो, एखादा 'संधी दिल्यास तिचे सोने करीन' असे पुढे जोडतो. मांडणी चांगली असते. तारीख जागेवर, विषय जागेवर, 'आपला विश्वासू' जागेवर. परीक्षेत या अर्जाला बरे गुण मिळतील.

पण आता तुम्ही त्या दुकानदाराच्या गादीवर बसा. तुमच्यापुढे पन्नास अर्ज आले आहेत आणि पन्नासही जण प्रामाणिक व कष्टाळू आहेत. तुम्ही कोणाला बोलावाल? बहुधा ज्याचे अक्षर चांगले त्याला, किंवा ज्याच्या मामाला तुम्ही ओळखता त्याला. 'प्रामाणिक' हा शब्द खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. तो लिहायला काहीच खर्च येत नाही, एवढीच अडचण आहे. चोरही आपल्या अर्जात 'मी प्रामाणिक आहे' असे लिहू शकतो. किंबहुना तो ते आधी लिहील.

माझे मत असे आहे की आपल्या मुलांमध्ये गुणांची कमतरता नाही. आपल्याला काय येते हे त्यांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी ते सांगण्याची लाज वाटते. या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत.

आधी लाजेविषयी. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते की स्वतःची तारीफ करू नये. उर्दूत आपण म्हणतो, 'अपने मुँह मियाँ मिट्ठू'. मराठीत म्हणतात, 'स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये'. शिकवण चांगलीच आहे. बढाईखोर माणूस कोणालाच आवडत नाही. पण बढाई मारणे आणि माहिती देणे यांत फरक आहे. हजरत यूसुफ यांची कहाणी तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. मिसरच्या बादशहाने त्यांना कैदेतून बाहेर काढून मान दिला. पुढे दुष्काळाची वर्षे येणार होती. तेव्हा यूसुफ यांनी स्वतःहून सांगितले की, देशाची कोठारे माझ्या ताब्यात द्या, मला सांभाळ करता येतो आणि मला या कामाचे ज्ञान आहे. त्यांनी आपल्या सौंदर्याचा उल्लेख केला नाही, घराण्याचा केला नाही. कोठार राखणाऱ्याला जे दोन गुण लागतात, तेवढेच दोन सांगितले. याला कोणी बढाई म्हणत नाही. समोरच्या माणसाला गरज आहे आणि ती भागवणारी गोष्ट तुमच्याकडे आहे. अशा वेळी गप्प बसणे म्हणजे नम्रता नव्हे.

आता दुसरी अडचण : आपल्याला काय येते हे कसे ओळखावे? मुलांना विचारले, 'तुझ्यात कोणते गुण आहेत?' तर ती वर छताकडे पाहतात. म्हणून मी हा प्रश्न विचारणेच सोडून दिले आहे. त्याऐवजी मी विचारतो, 'घरात, गल्लीत, शाळेत कोणत्या कामासाठी लोक तुलाच हाक मारतात?' मग उत्तरे येऊ लागतात. एकीने सांगितले की आजीला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न्यायचे असले की तिलाच नेतात. खिडकीवर मराठीत बोलावे लागते, गोळ्यांची नावे इंग्रजीत छापलेली असतात आणि आजीला सारे समजावून सांगायचे असते आपल्या दखनी बोलीत. केसपेपर हरवू द्यायचा नाही, कोणती गोळी उपाशीपोटी आणि कोणती जेवल्यावर हे लक्षात ठेवायचे, पुढची तारीख विसरायची नाही. ती मुलगी म्हणाली, 'सर, यात काय विशेष? हे तर घरचे काम आहे.'

मुलांनो, यात पुष्कळ विशेष आहे. तीन भाषांतून काम करणे, कागदपत्रे सांभाळणे, म्हाताऱ्या माणसाशी धीराने बोलणे, सरकारी खिडकीवर न घाबरता विचारणे, इतकी कामे तिला येतात. औषधांच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेच्या शाखेत अशाच माणसाची गरज असते. पण तिने आपल्या अर्जात लिहिले होते, 'मी मेहनती व मनमिळाऊ आहे.'

एका मुलाच्या वडिलांचा पॉवरलूमचा लहानसा कारखाना आहे. आठवड्याला किती ताके निघाले, किती मीटर भरले, कोणत्या कारागिराला किती मजुरी द्यायची, किती उचल आधीच दिली आहे, हे सारे तो वहीत लिहितो. दर शुक्रवारी वडील ती वही पाहतात. दोन वर्षांत हिशेबावरून एकदाही भांडण झाले नाही, असे तो सहज बोलून गेला. फळ्यावरची जाहिरात हिशेब लिहिण्याच्या कामाचीच होती! तरीही त्याच्या अर्जात या वहीचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. का नव्हता? कारण पुस्तकातल्या नमुन्यात तसे वाक्य नाही.

मला वाटते, गुण विशेषणांत शोधू नयेत, क्रियापदांत शोधावेत. व्याकरणाच्या तासाला विशेषण आणि क्रियापद यांतला फरक आपण शिकलो, तो इथे उपयोगी पडतो. 'मी जबाबदार आहे' हे विशेषण झाले. 'शाळेच्या ग्रंथालयाची चावी वर्षभर माझ्याकडे होती आणि वर्षअखेरीस पुस्तकांची मोजणी बरोबर भरली' हे क्रियापद झाले. दुसरे वाक्य वाचल्यावर 'जबाबदार' हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. तो शब्द आपण लिहिण्यापेक्षा त्याच्या मनात आलेला बरा. पण हे काम तुम्ही एकदाच केले आहे की पुन्हा पुन्हा, हे स्वतःला विचारून पाहा. सहलीच्या दिवशी एकदा पैसे गोळा केले म्हणून कोणी खजिनदार होत नाही. शिवाय विचारले तर 'हो, याने हे केले आहे' असे सांगणारे कोणी मोठे माणूस आहे का? असेल, तर बेधडक लिहा.

तुम्ही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याविषयी वाचले असेलच. २००२ ते २००७ या काळात ते भारताचे राष्ट्रपती होते. २०१५ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र १९९९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि मराठीत ते 'अग्निपंख' या नावाने आले. त्यांच्या यशाविषयी सारेच बोलतात. मला मात्र त्यांच्या नोकरीच्या अर्जांविषयी बोलायचे आहे.

मद्रासमध्ये विमानविद्येचे शिक्षण घेतल्यावर कलामांपुढे दोन वाटा होत्या. एक हवाई दलाची आणि दुसरी संरक्षण मंत्रालयातील तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयाची. दोन्हीकडे त्यांनी अर्ज केले आणि दोन्हीकडून बोलावणे आले. मनातून त्यांना विमान चालवायचे होते. दिल्लीतील मुलाखत सोपी गेली. मग ते देहरादूनला हवाई दलाच्या निवड मंडळासमोर गेले. तेथे केवळ ज्ञान पाहत नव्हते. शरीर, बोलण्याची ढब, एकंदर व्यक्तिमत्त्व यांवर भर होता. पंचवीस उमेदवारांपैकी आठ जण घ्यायचे होते. कलामांचा नंबर नववा आला.

नववा! एका जागेने स्वप्न हुकले. ते खिन्न होऊन ऋषिकेशला गेले आणि नंतर दिल्लीला परतले. तेथे दुसऱ्या नोकरीचे नेमणूकपत्र तयार होते. १९५८ साली दरमहा अडीचशे रुपये मूळ पगारावर ते वरिष्ठ शास्त्रीय सहायक म्हणून रुजू झाले. माणूस तोच, शिक्षण तेच, आठवडाही जवळजवळ तोच. एका मंडळाने त्यांना नाकारले आणि दुसऱ्याने घेतले. म्हणजे नकार मिळाला की 'माझ्यात काही नाही' असा अर्थ काढायचा नसतो. त्या खुर्चीला जे हवे होते ते आपल्यापेक्षा दुसऱ्यांकडे जास्त होते, इतकाच त्याचा अर्थ.

पुढची गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. बंगळूरला असताना कलामांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर जमिनीवरून अधांतरी चालणारे एक वाहन तयार केले. त्याचे नाव 'नंदी'. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्यात बसले होते. परंतु ते मंत्रिपदावरून गेल्यानंतर या वाहनाकडे कोणी फिरकेना. काम बासनात गुंडाळले गेले. अशातच एके दिवशी एक पाहुणे आले. त्यांनी यंत्राविषयी बारीकसारीक प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, मला यात एक फेरी मारता येईल का? कलामांनी त्यांना नंदीत बसवून दहा मिनिटे फिरवले. ते पाहुणे म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्राध्यापक एम. जी. के. मेनन. आठवडाभरात कलामांना अवकाश संशोधन समितीकडून रॉकेट अभियंत्याच्या पदासाठी मुलाखतीचे बोलावणे आले. मुंबईत डॉ. विक्रम साराभाई यांनी त्यांची मुलाखत घेतली. तुम्हाला काय माहीत आहे, यापेक्षा तुमच्या हातून पुढे काय होऊ शकेल याचा शोध साराभाईंच्या प्रश्नांत होता, असे कलामांनी लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच दिवशी निवड झाल्याचे त्यांना कळले.

त्या दहा मिनिटांत कलामांनी स्वतःविषयी किती विशेषणे वापरली असतील? मला वाटते, एकही नाही. त्यांनी केलेली वस्तू दाखवली. तुमच्याकडे नंदी नसेल. पण तुम्ही शिवलेला कुर्ता असेल, तुम्ही दुरुस्त केलेला मिक्सर असेल, तुम्ही काढलेले भित्तिपत्रक असेल, संगणकावर तुम्ही जुळवलेले उर्दू मासिकाचे पान असेल. अर्जासोबत त्याचा फोटो किंवा नक्कल जोडता येते. मुलाखतीला जाताना पिशवीत नेता येते. दाखवण्यासारखे जे आहे ते घरी ठेवून, बोलण्यासारखे जे नाही ते बोलत बसणे मला पटत नाही.

आता एका गोष्टीकडे येतो. ती आपल्या शाळांपुरती आहे, आणि त्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे. 'आपण उर्दू माध्यमाचे, आपल्याला कोण विचारतो?' हे वाक्य मी मुलांच्या तोंडून ऐकतो, पालकांच्या तोंडून ऐकतो आणि कधी कधी शिक्षकांच्या खोलीतही ऐकतो. उर्दू माध्यम ही जणू अर्जात लपवायची गोष्ट आहे! मला हे अगदी चुकीचे वाटते.

महाराष्ट्रातील उर्दू माध्यमाचा दहावी झालेला विद्यार्थी किती लिप्या वाचतो, ते मोजा. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी व हिंदी डावीकडून उजवीकडे, आणि इंग्रजी. म्हणजे तीन लिप्या आणि चार भाषा. दुसऱ्या कोणत्या माध्यमाचे विद्यार्थी उर्दू लिपी सहज वाचतात?

आणि मराठीला घाबरण्याचे तर काही कारणच नाही. मराठी कचेरीतले शब्द एकदा नीट ऐका. अर्ज, अर्जदार, तारीख, मुदत, हजर, रुजू, शिफारस, मसुदा, नक्कल, दस्तऐवज, हिशेब, कारकून, दफ्तर, वसुली, वकील, दावा, जमीन, महसूल. यांतला एक तरी शब्द तुम्हांला परका वाटतो का? कित्येक शतके दख्खनच्या कारभारात फारसीचा वापर होता, त्यामुळे हे शब्द मराठीत येऊन राहिले. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या मुलाला 'मसुदा' आणि 'मुदत' पाठ करावे लागतात. तुम्हांला ते घरातूनच मिळाले आहेत.

मात्र सांभाळूनही चालायला हवे. ओळखीचा चेहरा दिसला म्हणून माणूस तोच असेल असे नाही. 'दाखला' म्हणजे आपल्याकडे प्रवेश, मराठीत प्रमाणपत्र. 'सही' म्हणजे आपल्याकडे बरोबर, मराठीत स्वाक्षरी. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. 'तक्रार' म्हणजे उर्दूत वादावादी, मराठीत गाऱ्हाणे. 'तालीम' उर्दूत शिक्षण आहे आणि मराठीत कुस्तीचा आखाडा. साहेबांनी 'खुलासा करा' असे लिहिले आणि तुम्ही उर्दूप्रमाणे सारांश लिहून दिला, तर साहेब डोक्याला हात लावतील. त्यांना स्पष्टीकरण हवे असते. अशा शब्दांची एक यादी तुम्ही स्वतः करा. मला पन्नासच्या वर सापडले आहेत. ही यादी ज्याच्याजवळ आहे, त्याच्याकडे दुभाष्याचे अर्धे काम आहे.

याची गरज खरोखर आहे का, असे कोणी विचारील. एक उदाहरण देतो. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील सरकारी कारभार उर्दूत चाले. जमिनीचे आणि महसुलाचे कितीतरी जुने कागद त्यामुळे उर्दूत आहेत. २०२३ साली शासनाने मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हा कचेऱ्यांतून दप्तरे बाहेर निघाली. त्यांतले बरेच कागद मोडीत, तर बरेच उर्दूत होते. ते वाचून मराठीत सांगणाऱ्या माणसांचा शोध घ्यावा लागला. ज्या लिपीला मुले लपवू पाहतात, तिच्यासाठी सरकारी कचेरी माणूस शोधत होती. हस्तलिखित कागद वाचायला वेगळा सराव लागतो, हे खरे. पण ज्याला मुळाक्षरेच येत नाहीत, त्याच्यापेक्षा तुम्ही पुष्कळ पुढे आहात.

सगळ्याच नोकऱ्यांत गुण सांगण्याची सोय नसते, हेही ठाऊक असावे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखती बंद केल्या. टपाल खात्यातील ग्रामीण डाकसेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. त्यासाठी दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असावी लागते, संगणकाची माहिती लागते आणि सायकल चालवता यावी लागते. तेथे तुम्ही कितीही मनमिळाऊ असा, कोणी विचारत नाही. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची आणि लेखी परीक्षा शंभर गुणांची असते. लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता यांच्यासोबत मराठी व्याकरण असते. तेथे तुमचा गुण म्हणजे तुमची धाव आणि तुमचा कागद. म्हणून आपल्या बलस्थानांची यादी आधी करावी आणि मग त्यांना कोणता दरवाजा मानवतो ते पाहावे. दौडीत पुढे असणारा मुलगा आणि बोलण्यात पुढे असणारा मुलगा यांनी एकाच रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

आता एक कडू गोष्ट. तुम्ही मोठे होत आहात, म्हणून ती लपवत नाही. काही ठिकाणी अर्जावरचे नाव वाचूनच तो बाजूला ठेवला जातो. ही केवळ ऐकीव गोष्ट नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांचा होता. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना कमी बोलावणी आली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सरकारी नोकऱ्यांत सर्वांना समान संधी मिळावी असे आपल्या राज्यघटनेचे सोळावे कलम सांगते. खाजगी दुकानदाराच्या मनावर मात्र कलम कसे लावणार?

काही जण यावरून म्हणतात, 'मग अर्ज नीट लिहून तरी काय उपयोग?' मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या अर्जात नावाखेरीज लक्षात राहण्यासारखे दुसरे काहीच नसते, तो केवळ नावावरून बाजूला ठेवणे फार सोपे जाते. 'दोन वर्षे कारखान्याची मजुरीची वही लिहिली, कधी तफावत आली नाही' असे वाक्य ज्यात आहे, तो बाजूला ठेवताना हात जरा तरी अडखळतो. प्रत्येक वेळी अडखळेल, अशी हमी मी देत नाही. अन्याय करणाऱ्याचा दोष अर्ज करणाऱ्याने आपल्या माथी घेऊ नये. तरीही आपल्या बाजूचा कागद भक्कम असावा.

झेरॉक्सच्या दुकानात तयार बायोडेटा मिळतो, त्याविषयी दोन शब्द. दुकानदार नाव आणि पत्ता बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो. 'आवड : वाचन, संगीत, क्रिकेट.' एकदा एका मुलाला मी विचारले, 'सध्या काय वाचतोस?' तो गोंधळला आणि म्हणाला, 'सर, वाचन त्या दुकानदाराने टाकले आहे.' हसू येते, पण मुलाखतीत हाच प्रश्न आला तर हसू येणार नाही. न केलेल्या कामाचा अनुभव लिहिणे तर याहून वाईट. 'दोन वर्षांचा अनुभव' असे लिहिले की समोरचा विचारतो, 'रोजमेळ कसा लिहितात?' एवढ्या एका प्रश्नात दोन वर्षे उडून जातात, आणि खरे होते तेही खोटे वाटू लागते.

त्या हॉस्पिटलवाल्या मुलीचा अर्ज आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिला. औषधांच्या दुकानात मदतनीस हवी आहे असे धरून तिने लिहिले :

'गेली तीन वर्षे मी माझ्या आजीला दर महिन्याला सरकारी रुग्णालयात नेते. तिचा केसपेपर, तपासणीचे कागद आणि गोळ्यांच्या वेळा मी सांभाळते. मला मराठी, उर्दू, हिंदी बोलता व लिहिता येते. औषधांची इंग्रजी नावे वाचता येतात. ज्या वृद्ध ग्राहकांना मराठी समजत नाही, त्यांना दुकानातल्या जाणकारांनी दिलेल्या सूचना मी उर्दूत समजावून सांगू शकेन. औषधशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. ते पुढे घेण्याची इच्छा आहे.'

पाच-सहा ओळी, एकही विशेषण नाही. शेवटचे वाक्य तिने स्वतःहून घातले. मी आधी म्हणालो, 'हे कशाला?' ती म्हणाली, 'सर, त्यांना वाटायला नको की मी स्वतःच्या मनाने गोळ्या देईन.' तिचे म्हणणे बरोबर होते. औषधे देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे असते. आपल्याला काय येत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या 'येते' या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

मुलाखतीतही असेच करावे. एखादी गोष्ट येत नसेल तर 'येत नाही' म्हणावे आणि थांबावे. पुष्कळ मुले 'येत नाही' म्हटल्यावर कारणे सांगत बसतात : आमच्या शाळेत संगणक कमी होते, आमच्या भागात वीज जाते. समोरच्याने कारण विचारलेले नसते. विचारले तर सांगावे.

अर्ज पाठवण्यापूर्वी त्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवा. मुलाखतीच्या वेळी समोरच्या माणसाच्या हातात तोच कागद असतो आणि त्यातल्या कोणत्याही ओळीवर तो बोट ठेवू शकतो. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या कोणालाही ती नक्कल वाचायला द्या. थोरल्या भावाला द्या, आपांना द्या, अब्बांना द्या. त्यांना सांगा की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : 'कधी केले? कसे केले?' ज्या ओळीवर तुम्ही अडखळाल, ती पेन्सिलीने खोडा. उरलेल्या ओळी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढा, खाली सही करा, मराठीतली सही.